धारेचा देव

मी आयुष्यात अकरा देव केले. त्यातल्या दहांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. अकराव्यापायी माझा मित्र तुटला, आणि त्यात देवाचा काही दोष नव्हता. आगाऊपणा सगळा माझा होता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्वतःला फार मोठा चित्रकार समजत होतो. आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या मुलाला त्याच्या अमेरिकेतल्या मामाने एक खेळ पाठवला. एक जाड पुस्तक आणि रंगीत फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक, आणि एकाने गोष्ट सांगत सांगत बाकीच्यांना संकटात घालायचं. आता तू काय करतोस, असं तो विचारणार. आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. दर रविवारी दुपारी दोन तास आम्ही चौघं दवाखान्यावरच्या खोलीत हा उद्योग करायचो. डॉक्टरांचा मुलगा गोष्ट सांगायचा. चौथा गडी मुख्यतः शेंगा खायला यायचा.

पुस्तकात देवही होते, पण ते परके. त्यांच्या नावाने नवस बोलताना आम्हालाच हसू यायचं. आपले खरे देव खेळात घ्यायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. घरी कळलं असतं तर चामडी लोळवली असती. मग नवे देव करायचे ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं. एका देवाला एक ड्रॉइंग शीट. देव दिसतो कसा, कोणत्या हातात काय, वाहन कोणतं, देतो काय, चिडतो कशाने. एक देवी होती हरवलेल्या वस्तूंची. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, त्यातली एकही किल्ली कशाला लागत नाही, आणि वाहन भटकं गाढव. एक देव पुराचा. त्याचं शस्त्र नावाड्याचा बांबू. तो जिथे टेकवेल तिथपर्यंत पाणी चढणार. पोरं खूश होती. मीही फुगलो होतो.

आता माझा मित्र. शाळेपासून आम्ही एका बाकावर. त्याच्या वडिलांचं धार लावायचं दुकान होतं. विळ्या, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे, उसाचे कोयते, आणि दसऱ्याच्या आधी जुन्या घराण्यांतल्या तलवारी, दांडपट्टे. मित्र सकाळी कॉलेजला जायचा आणि उरलेला सगळा दिवस चाक फिरवायचा. खेळात त्याने पहिल्या दिवशी सोंग निवडलं ते खलाशाचं. समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला, कुणाच्या तरी लग्नात. डॉक्टरांच्या मुलाने त्याला तलवार देऊ केली, तर म्हणाला, नको, दुर्बीण दे. मी त्याला शस्त्रांबद्दल खोदून खोदून विचारायचो. तो म्हणायचा, पुस्तकात बघ की. मला वाटायचं, आळशी आहे.

अकरावा देव धारेचा करायचा असं माझ्या डोक्यात आलं, आणि तो कसा दिसावा यासाठी मला फार विचारही करावा लागला नाही. त्याच्या वडिलांना मी चाचा म्हणायचो. पांढरी दाढी, ठिणग्यांनी डागलेले हात, डाव्या अंगठ्याचं टोक तुटलेलं. मित्राला भेटायला आल्यासारखं करून मी चार-पाच वेळा दुकानात जाऊन बसलो आणि वहीत त्यांना चोरून उतरवलं. मग शीटवर मोठं केलं. डोक्यामागे तेजोवलय, चार हात. एकात दांडपट्टा, एकात भाला, एकात वस्तरा, एकात चाकाचा पट्टा. तुटका अंगठासुद्धा सोडला नाही. नियमही मीच लिहिला: प्रत्येकाने तिसऱ्या लढाईनंतर या देवाकडे जाऊन शस्त्राला धार लावून घ्यायची, नाहीतर शस्त्र निकामी.

शीट टेबलावर पसरली तसे दोघं ओरडलेच, अरे हे तर चाचा! शेंगावाल्याने उठून दंडवत घातला. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, खलाशाला धार फुकट, देवाचा पोरगा आहे. आम्ही पोट धरून हसलो. मित्र हसला नाही. खेळ संपल्यावर जिन्यात मला एवढंच म्हणाला, "त्यो देव तेवढा बदल."

मी म्हणालो, अरे, मान दिलाय मी. तो म्हणाला, आमच्यात असलं चालत नाही, घरी कळायला नको. मला तेवढंच ऐकू आलं. धर्माची अडचण आहे म्हणजे ती धर्म जाणणाऱ्याकडून सोडवून घ्यावी, असा माझा उंटावरचा शहाणपणा. खंडेनवमीला लोक हळदकुंकू लावलेली शस्त्रं घेऊन येतात, चाचा ती हसत हातात घेतात, हे मी पाहिलं होतं. त्यांनी एकदा हो म्हटलं की याचं तोंड बंद. मित्र कॉलेजात असेल अशी वेळ साधून मी शीटची गुंडाळी घेऊन दुकानात गेलो.

चाचांनी हात पुसले आणि शीट गुडघ्यांवर धरली. मग दांडपट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, हा मुठीत धरत नाहीत, कोपरापर्यंत हात आत घालायचा असतो. त्यांच्या मुलाने ही चूक रविवारी पाहिली असणारच, आणि तो बोलला नव्हता. मग ते शांतपणे म्हणाले, "हात झ्याक काढलाईस. पर मला अल्लानं दोनच दिल्यात. ह्ये वरचं दोन देणारा तू कोण?"

मी गडबडलो. खेळ आहे, गंमत आहे, तुमच्यावरच्या प्रेमानं काढलंय, असं बोलत सुटलो. त्या नादात सगळंच सांगून टाकलं: रविवारची दुपार, दवाखान्यावरची खोली, फासे, खलाशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाचांनी शीट नीट गुंडाळून मला परत दिली. रागावले नाहीत. म्हणाले, "रविवारी बाजार असतोय. गारगोटी-मुरगूडचं गिऱ्हाईक तवाच येतंय. त्यो अभ्यासाला जातोय म्हणाला, म्हणून मी एकटा वढतोय."

शीट काखेत धरून मी दुकानाबाहेर आलो. तरी मनात घोळत होतं ते हेच, की शीट सुधारता येईल.

पुढच्या रविवारी खलाशाची खुर्ची रिकामी राहिली. सोमवारी मी ब्लेडने वरचे दोन हात खरवडून काढले, दांडपट्टा नीट केला, डोक्यामागचं तेजोवलय पांढऱ्या रंगाने बुजवलं. आता तो नुसता एक म्हातारा माणूस होता, कामाला बसलेला. त्याच्या पुढच्या रविवारी भर बाजारात मी दुकानात गेलो. चाचा नमाजाला गेले होते. मित्र एकटा चाकावर होता आणि समोर कोयत्यांची रास पडली होती. मी शीट उलगडून धरली. बघ, म्हणालो, बदलला.

त्याने पाहिली. मग माझ्याकडे न बघता, कोयत्याचं पातं अंगठ्यावर तपासत म्हणाला, "कॉलेज सोडलं तर आठवड्यातनं दोनच तास मी हितं नसायचो. तितंबी चाक आणून बसवलास."

खलाशी व्हायला, दुर्बीण मागायला तो का येत होता ते मला तेव्हा कळलं. अल्लाचं कारण पुढे केलं की मी तरी ऐकेन असं त्याला वाटलं असावं. खरं कारण सांगायला त्याला लाज वाटली, आणि मी विचारलं नव्हतं. बापाची त्याला कधीच लाज नव्हती, एवढं मी आजही शपथेवर सांगेन. त्याला फक्त दोन तास कुणाचाच मुलगा व्हायचं नव्हतं.

माफी मागायची ती हीच वेळ होती. एक शब्द पुरला असता. समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तो पुन्हा चाकाकडे वळत होता, आणि मी, देवाशपथ सांगतो, शीट हातात धरून त्याला विचारलं, "पण चित्र चांगलं आलंय ना?"