एकोणीस वर्षांच्या वैमानिकाची पत्रिका

औरंगपुऱ्यात एका मोबाईलच्या दुकानावर, अंधाऱ्या जिन्यानं चढून गेलं की आमचं ऑफिस. तिथं लढाऊ विमानांचा गेम बनतो. तासिका तत्त्वावर इतिहास शिकवून शिकवून मी वैतागलो होतो, तेव्हा मालकानं बोलावलं आणि काम दिलं. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी पाच किंवा जास्त विमानं पाडली, त्यांना एस म्हणतात. अशा एकेकाची माहिती काढायची आणि गेमसाठी त्याचं कार्ड लिहायचं. नाव, जन्मतारीख, पाडलेली विमानं आणि शेवट.

तो शेवटचा रकाना भरायला मी टाळाटाळ करायचो. कुणी जळाला, कुणी समुद्रात गेला, कुणाची हवाई छत्री उघडलीच नाही. आणि घरी माझी एकुलती एक लेक हवाई दलाच्या ट्रेनिंगसाठी निवडली गेलेली! हजर व्हायला दहा दिवस उरले होते. तिला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने कमी, म्हणून संमतीच्या कागदावर बापाची सही पाहिजे होती. तो कागद आठवडाभर माझ्या बॅगेत, डब्याच्या खाली पडून होता.

"बाबा, सही?" ती रोज विचारायची.

"करतो गं! कुठं पळून चाललोय का मी?" मी डाफरायचो. पळतच होतो, खरं तर.

आता एक गोष्ट सांगतो, हसायचं तर हसा. आमचं घराणं भटजींचं. आजोबा शहागंजातल्या व्यापाऱ्यांच्या पत्रिका मांडायचे आणि ती विद्या थोडीफार माझ्या हातात उतरलेली आहे. चारचौघांत मी हे कबूल करत नाही. पण कार्डासाठी जन्मतारखा समोर आल्या आणि मला राहवेना. मी त्या गोऱ्यांच्या पत्रिका मांडायला बसलो. जन्मवेळ नसायची, मग सूर्योदयाची धरायची. जे जगले त्यांच्यात असं काय होतं आणि ते माझ्या लेकीत आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

बायकोनं वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, गोत्र कोणतं लावलंत त्यांना? डोकं ठिकाणावर आहे ना?"

नव्हतं. कारण अकरावी पत्रिका मांडली आणि माझ्या हातातला पेन थांबला. आठवं घर म्हणजे मृत्यूचं. त्यात मंगळ आणि राहू, शेजारी शेजारी. माझ्या लेकीच्या पत्रिकेत अगदी तस्सेच. त्या वैमानिकानं पाच विमानं पाडली आणि सहाव्यामागं गेला तो परत आलाच नाही. कार्डावर वय, एकवीस.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. लेक छतावर दोरीच्या उड्या मारायची, त्यांचा धपधप आवाज खाली यायचा आणि मी कानावर उशी धरायचो. लई भ्यालो होतो मी. बायकोला सांगायचीही सोय नव्हती, ती हसली असती किंवा रडली असती, आणि दोन्ही मला झेपलं नसतं.

ऑफिसात मी त्या वैमानिकाच्या शेवटावर पानभर लिहिलं. मालक वाचून म्हणाला, "काका, गेम है, श्राद्ध नहीं. मरनेका छोटा करो. आणि जन्मतारीख एकदा पक्की करून घ्या, लोक चुका काढतात."

तारीख पक्की करायला मी इंटरनेटवर, युद्धाच्या जुन्या कागदांच्या फोटोंत शिरलो. दुपारी, डबा उघडा तसाच ठेवून. तिथं त्याच्या आईनं अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र सापडलं. पोरानं भरती होताना वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, ट्रेनिंगवरून पत्र आलं तेव्हा कळलं. म्हणजे तारीख खोटी, पत्रिका खोटी, मंगळ-राहू सगळं खोटं. मी खुर्चीतून उठलो, "सुटलो!" असं मोठ्यानं ओरडलो. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पोरींनी माना वळवून बघितलं.

मग खाली बसलो आणि वजाबाकी केली. मेला तेव्हा एकोणीस. भरती झाला तेव्हा साडेसतरा. माझ्या लेकीएवढा, महिन्याचाही फार फरक नाही. आता मला घाबरायला पत्रिकाही लागत नव्हती.

संध्याकाळी घरी आलो आणि कागद टेबलावर ठेवला. लेक समोर येऊन बसली. सहीच्या वर पाल्याची जन्मतारीख पालकानं स्वतःच्या अक्षरात लिहायची होती. आणि माझ्या मनात पाप आलं. त्या पोरानं दोन वर्षं वाढवली, मीही दोन वाढवतो. एका आकड्याचं काम. वयाची वरची मर्यादा साडेएकोणीसची, पोरगी तीत बसणार नाही, कागद परत येईल, दुरुस्तीत मुदत निघून जाईल. हिंडू दे मग इथंच, माझ्या डोळ्यांपुढं, स्कूटीवर. मी दिवस लिहिला. महिना लिहिला. तिथं थांबलो.

"काय झालं, बाबा?"

तोंडातून निघून गेलं. मी त्या पोराची सगळी हकिकत सांगितली. आईचं पत्र, खोटं वय, सहावं विमान. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"त्याच्या बाबांनी सही केली होती?"

"बापाला कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतेय ना," ती म्हणाली.

 मी तिची दोन वर्षं वाढवायला निघालो होतो हे तिला कळलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. मी खरं साल लिहिलं. खाली सही केली.  तिनं कागदावर फुंकर घातली, घडी न करता फाईलमध्ये ठेवला आणि आईला सांगायला आत पळाली.

मी तिथंच बसून राहिलो, पेनचं टोपण शोधत. ते माझ्या दुसऱ्या मुठीतच होतं आणि मूठ उघडत नव्हती.