'मशीन बंद है'

बुधवारी सकाळी बाबांना रेडिएशनला घेऊन गेले, तर दारावर परत तोच कागद... 'मशीन बंद है'. सलग तिसरा दिवस!

बाबांना घशाचा कॅन्सर आहे. तेहतीसपैकी एकवीस सिटिंग झाल्यात. मध्ये खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं... आता खंड कोण पाडतंय?

काउंटरवर विचारलं तर, "दीदी, पार्ट बाहर से आएगा." कधी? "बता नहीं सकते." रायपुरात दुसरीकडे चौकशी केली, तर तिथे वेटिंग. शिवाय सगळं प्लॅनिंग पहिल्यापासून.

वैतागून जर्मनीतल्या मावसबहिणीला फोन लावला. तिच्या सासूबाईंचंही रेडिएशन झालंय. "इथे एक मशीन बिघडली तर दुसरीवर घेतात गं," ती म्हणाली. तिचा काय दोष... पण मी फोन ठेवून दिला.

शेजारी बाकावर अभनपुरची सुखबती बाई बसली होती. रेडिएशनची जागा दाखवणाऱ्या गळ्याखालच्या मार्किंगच्या रेघा पुसल्या जातील म्हणून घाम टिपायलाही भीत होती. तीन दिवस बसने यायचं आणि तसंच परत जायचं...

माझा तोल गेला. काउंटरवर जाऊन मी अक्षरशः किंचाळले.

मागून बाबांनी हात धरला. आवाज जवळजवळ गेलाय त्यांचा. "काहून चिल्लावून राहिली? कागद आण."

बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. अख्ख्या कॉलनीचे अर्ज तेच लिहायचे. बाकावर बसून त्यांनी हिंदीत अर्ज लिहिला... मशीन सुरू झाली की शनिवार-रविवारीही चालवा, आमचे बुडालेले दिवस भरून द्या.

पहिला अंगठा सुखबती बाईने लावला. स्टॅम्प पॅड, मी ज्याच्यावर ओरडले होते, त्या काउंटरवाल्या भैयानेच दिलं. मग सह्यांसाठी रांगच लागली.

विभागप्रमुख मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "यह कागज़ मुझे चाहिए था," म्हणाल्या, "अब मैं ऊपर बात कर सकती हूँ."

शुक्रवारी मशीन सुरू झाली. काल रविवार असूनही बाबांचं चोविसावं सिटिंग झालं, सुखबती बाईचंही झालं.

सुट्टी सोडून आलेल्या टेक्निशियन लोकांचे मनापासून आभार. पण खरं सांगू... उपचार वेळेवर मिळावेत म्हणून आजारी माणसाला अर्ज लिहावा लागतो, याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.