उसाच्या फडातला ओटीपी

“लागतच न्हाई, मॅडम. ती बाई सारखी म्हणतीय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर हाय.”

वाघमारे गुरुजींनी फोन कानावरून काढला आणि टॉवर माझ्याच टेबलाखाली दडवलाय अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. अडीच वाजले होते. वर्षाचा शेवटचा दिवस. गुरुजींच्या क्रेडिट कार्डावर तीस हजार सातशे रिवॉर्ड पॉईंट होते आणि ते त्या रात्री मरणार होते. ‘मरणार’ हा आमच्या खात्यातला शब्द. मुदत संपली की पॉईंट शून्य होतात. मग कुणी कितीही पाया पडलं तरी ते परत येत नाहीत.

मी केजच्या एका बँकेत कार्डांचं टेबल सांभाळते. कार्ड देणं, बंद करणं, हरवलं तर ब्लॉक करणं आणि ‘पॉईंट म्हणजे काय हो?’ याचं उत्तर देणं. उत्तर सोपं आहे. कार्डानं खरेदी केली की बँक थोडे पॉईंट देते. ते वस्तूंवर, व्हाउचरवर किंवा तिकिटांवर उडवता येतात. पण एका पॉईंटची किंमत सगळीकडं सारखी नसते आणि लोक नेमके तिथंच फसतात.

गुरुजी तीन दिवसांपूर्वी पहिल्यांदा आले होते. नांदूरघाटला ते प्राथमिक शाळेत शिकवतात. एका माणसाकडं एवढे पॉईंट कसे, म्हणून मी त्यांचे व्यवहार उघडले, तर अकरा मोबाईल, चार फ्रिज, तीन वॉशिंग मशीन, एक शिलाई मशीन.

“गुरुजी, तुमच्या घरी चार फ्रिज आहेत?”

“गावात हायत.”

गावात क्रेडिट कार्ड एकट्या गुरुजींकडं. ऑनलाइन सेल लागला आणि कार्डावर सूट आली की लोक रोख पैसे घेऊन त्यांच्या दारात. पैसे आधी द्यायचे, मग गुरुजींच्या कार्डानं वस्तू मागवायची. गुरुजी वर एक रुपया घेत नाहीत. म्हणून गावाचं ठरलेलं की पॉईंटही गावाचेच. बैठक झाली, कॅटलॉग बघितला गेला आणि लग्नकार्याला उपयोगी पडेल असा मोठा कुकरांचा सेट पास झाला. तीस हजार पॉईंट.

माझं डोकंच फिरलं. तो सेट बाजारात सहा हजारांना मिळतो. म्हणजे एका पॉईंटला वीस पैसे! बिलात वळते केले तर पंचवीस पैसे, व्हाउचर घेतलं तर चाळीस. आणि विमानाच्या तिकिटाला पूर्ण एक रुपया.

“कुकर घेऊ नका,” मी म्हटलं. “वाया जातील. दोन-तीन दिवस थांबा, मी चांगला सौदा शोधून देते.”

“मुदत?”

“एकतीसपर्यंत आहे. घाई काय?”

हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं. खरं सांगायचं तर सौदाबिदा काही नव्हता. वीस पैसे मला बघवत नव्हते, एवढंच.

आता ओटीपीबद्दल. पॉईंट वापरायचे तर ग्राहकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो आणि तो पाच मिनिटांत भरावा लागतो. तीन वेळा हुकलं की खातं चोवीस तास बंद. बँकेतून आम्हाला त्यात काहीही करता येत नाही, पॉईंटची सिस्टीमच वेगळी आहे. आणि गुरुजींचा नोंदवलेला नंबर गुरुजींकडं नव्हता.

का नव्हता, तेही ऐका. सेलच्या दिवसांत दर दहा मिनिटांनी ओटीपी यायचा, वर्गात फोन वाजायचा, पोरं हसायची. मग गुरुजींनी ते सिम एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि स्टँडवरच्या दत्ता टेलरच्या दुकानात ठेवून दिलं. ज्याच्या खरेदीला गुरुजींनी होकार दिलाय, त्यानं दत्तासमोर उभं राहायचं आणि ओटीपी घ्यायचा. अशी व्यवस्था तीन वर्षं चालली होती. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असं पोस्टर आहे. गुरुजी हे सगळं मला त्या पोस्टरखाली बसून सांगत होते.

पहिल्या दिवशी तो फोन दुकानात, मशीनच्या फळीवर होता. मी कुकर घेऊ दिला असता तर गावातलं कुणीही दत्तासमोर उभं राहिलं असतं आणि पाच मिनिटांत काम झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाचा दत्ताला निरोप आला. टोळीतला एक कोयता आजारी पडून परतला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. रेडिमेड कपड्यांमुळं दत्ताचं दुकान तसंही बसलंच होतं. तो आणि त्याची बायको त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरमध्ये बसले आणि बेळगावच्या पलीकडं निघून गेले. दत्ताच्या मोठ्या फोनची बॅटरी तासभर टिकत नव्हती, म्हणून त्यानं बटणाचा फोन बरोबर घेतला. कुणाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. नोंदवलेला नंबर बदलून घ्यावा, तर त्याला दोन दिवस लागतात.

एवढ्यावर असतं तर मी कुकर गेला म्हणून सोडून दिलं असतं. पण एकतीसच्या सकाळी गुरुजी एकटे आले नव्हते. बरोबर रेणुका होती, दत्ताचीच मुलगी. नर्सिंग झालेली, केजला एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या करणारी. तिनं केंद्र सरकारच्या भरतीची परीक्षा दिली होती. यादीत नाव लागलं होतं आणि ईमेल चार दिवस न उघडता पडून होता. कागदपत्रांची तपासणी गुवाहाटीला, दोन तारखेला सकाळी दहाला. गैरहजर राहिलं तर निवड रद्द.

रेल्वेनं पोहोचणं शक्यच नव्हतं. एक तारखेच्या पहाटे पुण्याहून विमान होतं, कोलकात्याला बदलून. तिकीट एकोणीस हजार चारशे. पॉईंटही तेवढेच लागणार होते. केजहून पुण्याची गाडी संध्याकाळी सहाला सुटणार होती. गावाला फोन करून विचारून झालं होतं, सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं होतं की कुकर राहू द्या, पोरीला धाडा.

गुरुजींच्या कार्डाची मर्यादा गावाच्या वर्षअखेरच्या खरेदीनं संपली होती. मला स्वतःचं कार्ड काढावंसं वाटलं, पण ग्राहकाच्या खर्चासाठी कर्मचाऱ्यानं आपलं कार्ड वापरायचं नाही असा आमच्याकडं कडक नियम आहे.

“पाचपर्यंत न्हाई लागला तर सोनाराकडं जातो,” गुरुजी बोटातली अंगठी फिरवत म्हणाले. लग्नातली होती. माझ्या शहाणपणाची किंमत हा माणूस अंगठी विकून देणार होता आणि वर मलाच धीर देत होता.

मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले. ते मूळचे नागपूरचे.

“मॅडम, हे सकाळपासून तुमच्याच टेबलवर आहेत. विम्याचं टार्गेट कोण बघणार?”

“सर, पॉईंट आज मरतायत.”

“मग कुकर देऊन टाका ना. कशाला ताणता?”

“कुकरलाही ओटीपीच लागतो, सर. आणि आता विमानाचं तिकीट काढायचंय.”

“केजहून?”

गुरुजी पुन्हा नंबर फिरवत होते. रेणुका खुर्चीच्या टोकावर बसून फाइलचा बंद सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. मी उगाच दोनदा पाणी पिऊन आले. एका म्हाताऱ्याच्या कार्डाचा पिन तयार करताना चुकीचं बटण दाबलं, त्याची माफी मागितली.

पावणेचारला फोन लागला. गुरुजींनी स्पीकर चालू केला. मी स्क्रीनवर ‘ओटीपी पाठवा’ दाबलं.

“दत्ता? आरं, मी वाघमारे गुरुजी बोलतोय.”

“कोण गुरुजी?”

“नांदूरघाटचे, लेका! आवाज वळखंना का?”

“आवाज वळखतो. पर आजकाल आवाज कुणीबी काढतंय. काय काम हाय?”

“तुज्या फोनवर आता एक ओटीपी यील...”

फोन कट.

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुन्हा लावला.

“आरं कट कावून करतो?”

“गुरुजींनीच सांगितलंय मला. फोनवर कुणीबी मागू दे, खुद्द त्येंनी मागितला तरी द्यायचा न्हाई. समोर उभा राहील त्यालाच. तुमी गुरुजी असाल तर या की समोर.”

“बेळगावच्या फुडं येऊ?”

“मंग न्हाई.” पुन्हा कट.

मॅनेजर साहेब दारात उभे राहून ऐकत होते. “आपल्या बँकेनं इतकी वर्षं जागृती केली,” ते म्हणाले, “पण असा एक ग्राहक आपल्याला तयार करता आला नाही.” मला हसूही आलं आणि रडूही. पाच मिनिटं संपली. पहिला ओटीपी गेला.

तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा रेणुकानं तो हातात घेतला.

“आण्णा, मी रेणी.”

पलीकडं कुणीतरी मोळ्या मोजत होतं.

“पोरींचे बी आवाज काढतेत,” दत्ता म्हणाला, पण जरा हळू. “रेणी असशील तर सांग, दिवाळीला निळा ड्रेस शिवला तुला. त्याच्या अस्तराचा रंग कोणता?”

“अस्तर कुठं लावलं तुमी? कापड संपलं म्हणून तसाच दिला की. अजून टोचतोय.”

“बोल माय,” दत्ता म्हणाला.

रेणुकानं एका दमात सगळं सांगितलं. यादी, गुवाहाटी, दोन तारीख, विमान.

“एकटी जाशील?” दत्तानं विचारलं.

“जाईन.”

“तुझी माय रडायलीय हितं.” मग म्हणाला, “जा. पाठवा म्हणावं ओटीपी.”

बटणाच्या फोनवर बोलता बोलता मेसेज वाचायला दत्ताला जमत नव्हतं. फोन ठेवायचा, मेसेज वाचायचा, मग आम्ही पुन्हा लावायचा. मी दुसरा ओटीपी पाठवला. फोन लावला तर पुन्हा तीच बाई. सात मिनिटांनी दत्ताचाच फोन आला. मेसेज पोहोचला होता, पण मुदत संपल्यावर. उभ्या उसात रेंज येत नव्हती.

आता एकच संधी उरली. हुकली की चोवीस तास बंद, आणि चोवीस तासांनी पॉईंट नसणार. पावणेपाच झाले होते. माझा हात माउसवर होता आणि तो दाबवत नव्हता. नोकरीत मी मोठमोठ्या रकमांचे व्यवहार डोळे झाकून केले आहेत. त्या दिवशी मी माउस सोडून गुरुजींकडं पाहिलं.

“दत्ता, उंचावर चढ कुटंतरी,” गुरुजी ओरडले. सगळी शाखा वळून बघायला लागली.

“ट्रक भरलाय. मोळ्यांवर चढतो.”

तो चढेपर्यंत आम्ही थांबलो. धापा ऐकू येत होत्या. “दोन काड्या दिसायल्यात,” तो म्हणाला. “तीन झाल्या. सोडा!”

मी बटण दाबलं आणि उठून पाण्याच्या मशीनकडं गेले. ग्राहकाचा ओटीपी माझ्या कानावर पडणं नियमात बसत नाही. गुरुजींचं सिम, गुरुजींचा ओटीपी, त्यांनी तो कुठल्या फडातून आणावा हा त्यांचा प्रश्न. मी भिंतीकडं तोंड करून ग्लास भरत राहिले, पाणी पायावर सांडेपर्यंत.

मागून गुरुजींचा आवाज आला. “मॅडम, हिरवी खूण आलीय. बरी असती का ती?”

मी धावत आले. तिकीट झालं होतं. रेणुका तिकिटावरच्या नावाचं स्पेलिंग तपासत होती, तीनदा. मग तिनं माझा हात दाबला आणि फाइलचा बंद घट्ट बांधला. मॅनेजर साहेबांनी स्वतःच्या प्रिंटरवर रंगीत प्रिंट काढून दिली. रंगीत प्रिंट ते रिजनल ऑफिसच्या पत्रांनाही काढत नाहीत. सहाच्या गाडीला गुरुजी तिला बसवून आले.

अकरा हजार तीनशे पॉईंट शिल्लक राहिले होते. ओटीपी पुन्हा मागवला, तर खात्यानं आजची मर्यादा संपली म्हणून सांगितलं. ते त्या रात्री मेले. रेणुकाचा परतीचा प्रवास रेल्वेनं झाला, अडीच दिवसांचा. त्या अकरा हजारांबद्दल मला अजूनही चुटपुट लागते. गुरुजींना अजिबात नाही.

रेणुकाची तपासणी पार पडली. उन्हाळ्यात ती तिकडं रुजू झाली. गावात लग्न असलं की अजूनही भांडी दुसऱ्या गावाहून आणावी लागतात. कुणी विचारलंच, तर गुरुजी सांगतात, “कुकर विमानानं गेला.”

मी पॉईंटचे भाव आजही सगळ्यांना समजावून सांगते. वीस पैसे, चाळीस पैसे, एक रुपया. ते माझं कामच आहे. फक्त ते आता नंतर. समोर ग्राहक बसला की आधी विचारते, “नोंदवलेला मोबाईल या घडीला कुणाच्या खिशात आहे?” बहुतेक जण हसतात. दर आठवड्याला एखादा मात्र गप्प होतो आणि त्याचं काम मी त्याच दिवशी उरकते, भाव काहीही असो.