खळीतले खुंट

कारखान्याच्या दुसऱ्या फाटकाला लागून आठ बाय सहाची एक खोली होती. एक खुर्ची, एक आरसा, एक नळ आणि एक माणूस. त्या माणसाला सगळे कारागीर म्हणत. साहेबलोकसुद्धा कारागीरच म्हणत, आणि ते ऐकलं की तो दोन बोटं उंच व्हायचा.

लोखंडी पत्रे आम्लाच्या टाक्यांत धुऊन काढायचा तो कारखाना. टाकीवर उभं राहायचं तर तोंडावर रबरी मास्क हवा, आणि मास्क कातडीला चिकटून बसायचा तर गाल गुळगुळीत हवा. रबराखाली दाढीचे खुंट आले की तिथून वाफ आत शिरते. म्हणून नियमच होता. पाळी सुरू व्हायच्या आधी टाकीवरच्या प्रत्येकानं कारागिराच्या खुर्चीत बसायचं. दाढी झाली की कारागीर गालावरून उलटं बोट फिरवणार, आणि पसंत पडलं तरच मनगटावर निळा शिक्का मारणार. शिक्का नाही तर टाकीवर पाऊल नाही. मॅनेजरचा मेहुणा असला तरी नाही. एकदा खरोखरच मॅनेजरचा मेहुणा आला होता, दोन दिवसांची दाढी घेऊन, आणि तसाच परत गेला होता. ती गोष्ट कारागिरानं एकवीस वर्षांत किती जणांना ऐकवली असेल त्याला गणती नाही.

कंपनी दाढीसाठी प्लास्टिकची, वापरून फेकायची रेझरं पुरवायची. एकावर एक तीन पाती, मधे केस आणि साबण अडकला की दोन ओढींत बोथट. कारागीर ती पेटीत तशीच ठेवी. "असल्यानं मी दुश्मनाचीसुद्धा दाढी करणार नाही," म्हणे. त्यानं स्वतःचं रेझर आणलं होतं. जड धातूची मूठ, एकच पातं, आणि डोकं बारीक बिजागरीवर हलणारं. गाल चढला की डोकं चढायचं, गाल उतरला की उतरायचं. दाबायचं नाही, नुसतं नेत जायचं. वजन मुठीचं, काम पात्याचं. माणूस बदलला की पातं बदलायचं, ब्रश उकळत्या पाण्यात बुडवायचा, आणि फेस असा फिरवायचा की खुर्चीतल्या माणसाला डुलकी यावी.

हे रेझर आणलं ते खरं तर एका माणसापायी. टाकीवर तिशीतला एक गडी होता. लहानपणी झोपाळ्याची कडी लागून त्याच्या उजव्या जबड्यावर करंगळीचं टोक मावेल एवढा खड्डा पडलेला. सगळे त्याला खळीवाला म्हणत. "नटीसाठी केलेली, चुकून ह्याला लागली," हा त्याच्यावरचा जुना विनोद, आणि तो सगळ्यांत मोठ्यानं तोच हसे. साधं रेझर त्या खड्ड्यावरून नाल्यावरच्या पुलावरून गाडी जावी तसं जायचं. खालचे खुंट जागच्या जागी. हलतं डोकं मात्र त्यात अलगद वाकायचं आणि साफ करून बाहेर यायचं. खळीवाल्याची दाढी म्हणजे कारागिराची रोजची परीक्षा, आणि रोज पैकीच्या पैकी.

तर त्या रेझरची बिजागरी दोन दिवसांपासून अडत होती. साबणाचा पांढरा थर आत जाऊन बसला होता. उपाय काही कठीण नव्हता. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रेझर रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायचं. पण कारागीर आज करू, उद्या करू, करत राहिला. कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, वेळ नाही मिळाला. वेळ होता. आळस होता.

तिसऱ्या दिवशी खळीवाला चार दिवसांच्या रजेवरून परत आला. मुलीला ताप होता म्हणून घरी राहिला होता; गालावर चार दिवसांचं रान. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "कारागीर, आज जरा निगुतीनं. आतला पंखा अजून बंदच आहे म्हणतात. पट्टा तुटून तीन आठवडे झाले. वाफ नुसती कोंडून राहते."

"मग साहेबाला सांग. मी काय पंखा आहे?"

बाहेर रांगेत सातआठ जण होते. ते हसले. कारागिराला हसू आवडलं.

डावा गाल झाला. हनुवटी झाली. उजव्या जबड्यावर रेझर आलं आणि खळीपाशी डोकं वळलंच नाही, ताठ राहिलं. त्यानं पुन्हा नेलं. पुन्हा तेच. खळीवाल्यानं स्वतःचं बोट लावून पाहिलं.

"राहिलंय हो खळीत. खरखर लागतंय."

"माझ्या खुर्चीत तू बोट लावायचं नाहीस. बोट मी लावतो."

"लावा ना मग. चिडता कशाला? वय झालं की हात असाच ताठ होतो, त्यात लाजायचं काय?"

तो थट्टेनंच म्हणाला. खळीवाला कधी वाकडं बोललाच नव्हता कुणाला. पण रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कारागिराची बिजागरी गंजली!" आणि सगळी रांग फिदीफिदी हसू लागली. कारागिराच्या कानशिलातून जाळ निघाला. एकवीस वर्षं! मॅनेजरच्या मेहुण्याला परत पाठवणारा माणूस! त्यानं खळीवरून उलटं बोट फिरवलं. खुंट लागले. स्पष्ट लागले, रव्याच्या दाण्यांसारखे. आणि तरी त्यानं खळीवाल्याचं मनगट ओढून त्याच्यावर शिक्का हाणला.

"जा. गुळगुळीत आहे. पुढचा या."

खळीवाल्यानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल," आणि गेला.

दुपारच्या सुट्टीत तो खोकत होता. पाळी संपताना ओठ निळसर झाले. संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं ते नाकातोंडाला नळ्या लावूनच ठेवलं. फुप्फुसं आतून भाजली, डॉक्टर म्हणाले. अकरा दिवसांनी घरी सोडलं, पण दोन पायऱ्या चढला की भिंत धरावी लागे.

ते अकरा दिवस कारागीर रोज कामावर गेला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं रेझर भिजत घातलं होतं. दुसऱ्या दिवशी डोकं लोण्यासारखं हलत होतं. एवढंच तर करायचं होतं. आता रांगेत कुणी हसत नव्हतं. तो प्रत्येक गाल तीनतीनदा तपासे. लोक म्हणत, "पुरे हो, कातडी सोलाल." घरी जेवताना घास तोंडाशी थांबे. दिसे ते खळीवरून फिरलेलं बोट. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो, बोटाला लागलेलं विसरत नाही.

बायकोनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. "अहो, काय झालंय ते बोला, नाहीतर जेवा. अर्धवट काही चालायचं नाही माझ्या घरात."

तो बोलला. सगळं. बिजागरीपासून शिक्क्यापर्यंत.

तिनं विचारलं, "कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं की. तेवढा एक माणूस पुरतो झोप उडवायला."

बाराव्या दिवशी सुरक्षेचे साहेब स्वतः खोलीत आले. हे कधी घडत नसे. खुर्चीत बसले, आरशात भांग नीट केला आणि खिशातून टाईप केलेला कागद काढला.

"कारागीर, परवा चौकशी आहे. एक सही हवी. त्या दिवशी तो दाढी न करताच आत गेला, तुम्ही अडवलं तरी ऐकलं नाही, एवढंच लिहिलंय."

"त्याच्या हातावर शिक्का होता, साहेब."

"शिक्का पुसतो. अकरा दिवस झाले." साहेब गोड हसले. "नियम त्यानं मोडला म्हटलं की फाईल बंद. तुमच्यावर काही येत नाही. तुमच्याच भल्याचं आहे."

तुमच्याच भल्याचं! कारागिराच्या लक्षात आलं की साहेबांना काहीतरी वास लागला आहे. सही केली तर तो सुटत होता, पंखा दुरुस्त न करणारे साहेब सुटत होते, आणि खळीवाल्याची नोकरी आणि औषधपाणी दोन्ही जात होतं. नियम मोडणाऱ्याला कंपनी काही देत नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. "वाचून देतो," म्हणाला. नाही म्हणायला जीभ उचलली नाही, ह्याचीही त्याला रात्रभर लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो खळीवाल्याच्या घरी गेला. तिसरा मजला, अरुंद जिना, कठड्याला वाळत घातलेले लहान फ्रॉक. दार खळीवाल्याच्या बायकोनं उघडलं. आत पलंगावर भिंतीला तीन उशा लावून तो बसला होता. दाढी वाढली होती. खळी तिच्याखाली दिसतच नव्हती.

"अरे, कारागीर!" तो म्हणाला, आणि तेवढ्यानंच धाप लागली.

कारागीर उभाच राहिला. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "रेझर अडत होतं. खुंट बोटाला लागले होते मला. तरी रागाच्या भरात शिक्का मारला."

खळीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग हळूच तोंड भिंतीकडे केलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कारागिराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हात जोडले. "मला माफ—"

"थांबा, काका." खळीवाल्याची बायको मधे आली. आवाज चढला नव्हता, पण धार होती. "हे इथं कशाला आणलंत? ह्यांचं ओझं ह्यांना झेपत नाही, त्यात तुमचं कशाला? तुम्ही इथं रडणार, मोकळे होणार, खाली उतरून चहा पिणार. आणि उद्या तिकडं लिहिणार की ह्यांनी दाढीच केली नव्हती. साहेब येऊन गेलेत इथंपण. सगळं कळलंय मला."

"मी सही केलेली नाही."

"नाही असंपण म्हटलं नाहीत ना?"

खिशातला कागद कपड्यातून टोचत होता.

"जे बोललात ते तिकडं बोला," ती म्हणाली. "चार माणसांसमोर. मग बघू." आणि तिनं दार लावलं.

चौकशी वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, सुरक्षेचे साहेब, त्यांचे वरचे साहेब, युनियनचा माणूस आणि लिहून घेणारी बाई. बाहेर टाकीवरचे आठदहा जण घोटाळत होते. कारागिरानं आधी टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला, सहीविना. मग सांगितलं. खळीवाला दाढीला बसला होता. खुंट राहिले. मला कळलं होतं. शिक्का मी मारला.

युनियनच्या माणसानं कपाळाला हात लावला. आणि सुरक्षेच्या साहेबांचा चेहरा मात्र उजळला. ते लिहिणाऱ्या बाईकडे वळले. "लिहा. कारागिराच्या हलगर्जीपणामुळे अपघात. झालं. संपलं."

कारागिरानं ते ऐकलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला स्वतःचा सोडून दुसऱ्या कुणाचा राग आला. आपला गुन्हा खरा होता. तोळामासाही कमी नव्हता. पण तो खरा गुन्हा उचलून हे लोक स्वतःची चूक झाकायला निघाले होते.

"संपलं नाही, बाई. पुढं लिहा," तो म्हणाला. "पंख्याचा पट्टा तीन आठवडे तुटलेला होता. खळीवाल्यानं खुर्चीत बसल्याबसल्या मला सांगितलं होतं. पंखा बंद आहे हे माहीत असून मी शिक्का मारला. म्हणून माझा गुन्हा दुप्पट. आणि पंखा बंद आहे हे माहीत असून ज्यानं टाकी चालू ठेवली, त्याचा किती पट ते तुम्ही मोजा."

"पंख्याचा विषय इथं नाही," वरचे साहेब म्हणाले.

"मग मीपण इथं नाही. दोन्ही लिहा, तर सही करतो. एकटं माझं लिहिलंत तर नाही. बाहेर आठ जण उभे आहेत, त्या वाफेत काम केलेले. त्यांना बोलवू?"

बाहेरच्यांना बोलवायची वेळ आली नाही. युनियनचा माणूस जागा झाला होता. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि टेबलावर मूठ आपटली. पाऊण तास तोंडातोंडी झाली. शेवटी दोन्ही लिहिलं गेलं. कामगाराचा दोष नाही, हेही लिहिलं गेलं. कारागिरानं सही केली. दुपारी त्याच्या हातात पत्र पडलं की उद्यापासून येऊ नये. ते त्याला अन्याय वाटलं नाही. पंख्याच्या साहेबाला तसं पत्र मिळालं नाही, तो अन्याय वाटला. पण त्यासाठी भांडायला युनियन होती.

संध्याकाळी तो चौकशीच्या कागदाची नक्कल घेऊन पुन्हा तीन मजले चढला. खळीवाल्याच्या बायकोनं दारातच कागद घेतला, उजेडाकडे धरून अक्षर न् अक्षर वाचला. आत पलंगावर तो पाठमोरा होता. जागा होता, झोपलेल्या माणसाचा श्वास असा तुटक येत नाही.

तिनं कागद घडी करून डब्यात ठेवला. आत या म्हणाली नाही. पाणीही विचारलं नाही.

"ह्यांना बोलायचं नाही तुमच्याशी," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"बरोबर आहे ते मला माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही." तिनं मागे पलंगाकडे पाहिलं. "उद्या छातीचा फोटो काढायला न्यायचंय. मला एकटीला हा जिना उतरवता येत नाही. शेजारचे रोज कुठं मिळणार? टाकीवरचे सांगून गेले, आता तुम्हाला तरी काम कुठं आहे."

कारागिरानं जिन्याचं वळण नजरेनं मोजलं.

"सात वाजता या," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवून उतरवायचं. मधे थांबायचं, ह्यांना दम लागतो. आणि बोलायचं नाही. एक शब्द नाही."

"येतो."

"सात म्हणजे सात," ती म्हणाली, आणि दार लोटलं.