सगळा फळा का पुसू?

त्याचं नाव मी विचारलं नाही. शहादा स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी तो खडूने फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायचा. खांद्यावर कायम ओलं फडकं.

त्या सकाळी धडगावच्या घाटात दरड कोसळल्याचा फोन आला. त्याने धडगावची गाडी पुसली. मग जरा विचार करून दुपारी धडगावहून परत येणारी गाडीही पुसली, कारण जी जाणारच नाही ती येणार कुठून? बाकी फळ्याला त्याने हात लावला नाही.

मला धडगावलाच जायचं होतं. मी भडकलो. "तुमच्या फळ्याचा भरवसा काय? सगळाच पुसा!"

तो गर्रकन वळून अहिराणीत म्हणाला, "एक गाडी खोटी पडनी म्हनीसन बाकीन्या खऱ्या गाड्या काबर पुसू?" त्याने फडकं माझ्या हातात कोंबलं आणि फळ्याकडे बोट दाखवलं. "खोटं कोन्तं शे, दखाडा. तुम्हीच पुसा."

नवी माहिती आली की संगणकातल्या जुन्या माहितीतलं नेमकं काय काढायचं आणि काय राखायचं, याचा तर्क मी कॉलेजात शिकवतो. मी फळा वरपासून खालपर्यंत वाचू लागलो. पाठीमागून दोंडाईच्याची गाडी फळ्यावरच्या वेळेला सुटली. ओलं फडकं हातात वाळलं, तरी पुसण्याजोगी एक ओळ मला सापडली नाही.