चित्रकलेची विसावी जागा

हसू नका म्हटलं की माणसं जास्त हसतात, म्हणून आधीच सांगते, पोटभर हसा. माझ्या शिक्षणाचं मातेरं कोणी केलं असं विचाराल, तर मी बापाकडे बोट दाखवणार नाही, शाळेकडेही नाही. ते मी केलं. आणि तेही हातांनी नाही, तोंडाने. हातांनी तर काम चोख बजावलं होतं.

आम्ही लालबागला राहायचो. वडील गिरणीत साच्यांवर कापड विणायला, आई घरात, आणि मी परळच्या मुलींच्या शाळेत सातवीला. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीत भात शिजला का हे नंतर विचारायचे, आधी मुंबईचं काय झालं ते विचारायचे. आमच्या शेजारच्या खोलीतल्या शांतारामला पोलिसांनी उचलून नेलं होतं. त्याआधी त्याच्या खोलीसमोर उभा राहून हवालदार अगदी गोड आवाजात म्हणाला होता, ‘घाबरू नका, फक्त नावं सांगा, कोणाला काही होणार नाही.’ कोणीतरी घाबरलं नाही आणि नाव सांगितलं. तेव्हापासून आईने आम्हाला धडाच घालून दिला होता.

"कोणी केला असा कोणी इचारल्यान, तर आपणाक काय ठावक नाय. देव येवन इचारल्यान तरी ठावक नाय."

हा धडा मला इतका पाठ झाला की काय सांगू. पाढे एवढे पाठ असते तर आज मी कुठल्या कुठे असते.

तर सातवी संपताना फॉर्म आले. आठवीपासून चित्रकला घ्यायची की गृहशास्त्र, ते ठरवायचं. चित्रकलेला जागा वीसच, कारण शाळेकडे ड्रॉइंग बोर्डच वीस होते. एकोणीस नावं लागलीसुद्धा. विसावी मुलगी ड्रॉइंगच्या गद्रेबाई स्वतः निवडणार होत्या. चित्रकला घेतली की सरकारी परीक्षांना बसता यायचं, त्या झाल्या की पुढे ड्रॉइंग टीचर होता यायचं. मला ती जागा हवी होती. दुसरं काहीच नको होतं मला, खोटं कशाला बोलू?

वडील मात्र फॉर्म हातात घेऊन म्हणाले, "चित्रां काढून प्वॉट भरता काय गो? बाईंनी सोता तुका निवडली तर सही करतंय. नायतर रांधूक शिक."

मी बिनसहीचाच फॉर्म गद्रेबाईंकडे नेऊन दिला. पण आता बाई मला निवडणार कशा? वर्गात साठ मुली. माझा हात बाईंना ठाऊकच नव्हता. घरी कागद नव्हता, रंग नव्हते. माझा कागद म्हणजे चाळीची गॅलरी आणि माझे रंग म्हणजे रांगोळी. पण रांगोळी मात्र अशी काढायची मी, की चाळीतल्या बायका पाय कुठे ठेवू म्हणून खोळंबायच्या. यात बढाई नाही. आता बढाई मारून मिळायचंय काय?

त्याच आठवड्यात पहाटे प्रभातफेरी निघायची होती. चाळीतली पोरं म्हणाली, इंदू, नाक्यावर रांगोळी घाल. नाका म्हणजे नेमकं आमच्या शाळेचं गेट. मी अख्खा महाराष्ट्र घातला. पांढऱ्या रेघेने हद्द, आत हळद, आणि मुंबईच्या जागी चिमूटभर कुंकू. कोकणचा किनारा तर मी एका दमात ओढला, हात न उचलता. उठले आणि बघतच राहिले. असं आपलं आपल्यालाच आवडणं माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी सुलभाच्या कानात सांगितलं, "ती माझी." सुलभा माझ्या बाकावर बसायची. दादरची, वडील कचेरीत हेडक्लार्क, डब्यात रोज पोळी-भाजी. प्रार्थना संपली आणि मोठ्या बाईंनी जाहीर केलं, जी मुलगी राजकारणात सापडेल तिचं नाव शाळेतून कमी करण्यात येईल.

पहिलाच तास ड्रॉइंगचा. गद्रेबाई आल्या, दार लोटून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गेटसमोरची रांगोळी कोणी काढली?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"घाबरू नका. फक्त नाव सांगा. कोणाला काही होणार नाही."

आता तुम्हीच सांगा. शब्द न शब्द त्या हवालदाराचा! मी मनात म्हटलं, बाई, ओळखलं हं तुम्हाला. तुम्ही खादीच्या साडीतल्या पोलीस.

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी त्या आमच्याच बाकाकडे बघत होत्या. गप्प बसले असते तरी निभावलं असतं हो. पण मला शहाणपण सुचलं. मी उभी राहिले.

"बाई, ती रांगोळी आपल्या शाळेतल्या कोणी काढलीच नसेल. फार वाईट आहे."

"वाईट?"

"किनारा पार बिघडलाय. रत्नागिरीला पोट सुटलंय. हळद नुसती फासलीय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, फसल्या. म्हणून आणखी दोन दोष काढले. माझ्या रांगोळीला मी जेवढी नावं ठेवली, तेवढी तर सवतही ठेवणार नाही. आणि तेवढ्यात शेजारून सुलभा उठली.

"बाई, मी काढली."

सुलभाला केळं काढायला सांगितलं तर काकडी व्हायची. बाई म्हणाल्या, "बरं. बस." आणि फळ्यावर सुरई काढायला लागल्या.

"मी तुला वाचवलं गं," सुलभा माझ्या कानात म्हणाली. माझे डोळे भरून आले. मैत्रीण असावी तर अशी. मधल्या सुट्टीत माझे घावणे मी तिला दिले, सगळे, आणि स्वतः पाणी पिऊन राहिले. हसा, हसा. मी म्हटलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर चित्रकलेची विसावी मुलगी लागली. सुलभा. आणि माझा फॉर्म परत आला, त्यावर बाईंच्या सुरेख अक्षरात शेरा होता : ‘दुसऱ्याच्या चांगल्या कामाला नावे ठेवते.’

बाई पोलीस नव्हत्या. बाई आपल्यातल्याच होत्या. त्यांना फक्त तो हात कोणाचा ते हवं होतं, विसाव्या जागेसाठी.

मी धावत ड्रॉइंगच्या खोलीत गेले. "बाई, ती रांगोळी माझी आहे."

"काल वाईट होती ती. आज तुझी झाली?"

"खरंच माझी, बाई. शपथ."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "काढून दाखव. तो किनारा, फळ्यावर."

बघा, देवाने दुसरी संधी दिली. सगळ्यांना देत नाही. मी खडू टेकवला आणि पालघरपासून खाली यायला लागले. हात चालत होता. मुंबई मागे टाकली. आणि दारातून आवाज आला, "गद्रेबाई, जरा येता?" मोठ्या बाई!

गद्रेबाई दाराकडे वळल्या. मोठ्या बाई दोन पावलं आत. फळ्यावर अर्धा महाराष्ट्र, माझ्या हातात खडू, आणि नाव कमी होणार ते माझं. मी बाहीने भराभर पुसलं. पुसून उरलेल्या रेघेचं काय करायचं? ती मी गोल वळवून टोकाला जोडली आणि वर देठ लावला.

बाई बोलणं संपवून परत आल्या. फळ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"पपई."

"जा तू," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, फक्त दमल्यासारख्या दिसल्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन मी हमसून हमसून रडले. वडील दुसऱ्या पाळीला निघाले होते. "काय झाला गो?" मी हुंदके देत सांगायला लागले. रांगोळी कोणी काढली म्हणून बाईंनी तीनदा विचारलं...

"तीनदा इचारल्यानी? आणि तू नाव सांगूक नाय?"

"नाही. पण बाबा—"

"शाब्बास गो वाघिणी!" वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही. गृहशास्त्राच्या फॉर्मवर एवढी झोकात सही मी त्यांची कधी पाहिली नव्हती. जाता जाता जिन्यात भेटेल त्याला सांगत गेले.

मग काय विचारता. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईंच्या मोठ्या बाई झाल्या होत्या. पाण्याच्या नळावर हवालदार झाला. संध्याकाळपर्यंत गोरापान इन्स्पेक्टर होता, त्याने टेबलावर पिस्तूल ठेवून मला विचारलं होतं, आणि मी म्हणे हसले होते. आईला मी खरं सांगायला गेले, तर ती म्हणाली, "गप ऱ्हव. ठावक नाय म्हणान सांग."

रविवारी चाळीच्या अंगणात सभा झाली. शांताराम सुटून आला होता, त्याचा सत्कार. नारळ, हार. त्याच्यानंतर माझं नाव पुकारलं. मी वर जाऊन उभी राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे एक मास्तर म्हणाले, या मुलीने प्राण पणाला लावले पण नाव फोडलं नाही. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. वडील पहिल्या रांगेत, डोळे पुसत. मला ओरडून सांगायचं होतं, की अहो, नाव सांगायचं होतं, नाव सांगितलं असतं तर माझं भलं झालं असतं. पण वडिलांकडे बघितलं आणि जीभ उचलेना. या माणसाचा माझ्यामुळे ऊर भरून आलेला मी तेव्हा पाहिला, आणि तेवढाच.

आणि मग मास्तरांनी बक्षीस दिलं. म्हणाले, पोरीला रांगोळीचा नाद आहे असं कळलं, म्हणून सगळ्या चाळीने वर्गणी काढून घेतलंय. कागद सोडला. आत रंगांची पेटी. बारा रंग, दोन ब्रश, झाकणाच्या आत रंग कालवायला खळगे. मी आयुष्यात पहिल्यांदा अशी पेटी हातात घेत होते.

ती मी दोन दिवस उघडून नुसती बघितली. तिसऱ्या दिवशी सुलभा शाळेत म्हणाली, "अगं इंदू, चित्रकलेला पुढच्या महिन्यापासून स्वतःचे रंग लागणारेत. तुला गृहशास्त्रात काय करायचेत ते? आणि मी तुझ्यासाठी एवढं खोटं बोलले."

दिली मी. वर हेही सांगितलं, की झाकण जरा घट्ट बसतं, नखाने उघडू नकोस, लागेल.