केदाभाऊंनी धुतलेली टाकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दोघांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही — हे आधीच मान्य करून टाकते.

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी बस आणली. एका शाळेने मोडीत काढलेली, पिवळा रंग उडालेली. इंदिरानगरात आमच्या घराशेजारी मोकळा प्लॉट आहे, तिथे ती उभी केली. आतली बाकडी काढून तिचं घर करायचं — पलंग, ओटा, गॅस, छोटं कपाट — आणि आम्ही दोघांनी वर्षभर तरी देश हिंडायचा. मी काय म्हटलं तेव्हा? मी म्हटलं, "किती छान." पडदे मी शिवले. मसाल्याचे डबे घरंगळू नयेत म्हणून फळीला पट्टी ठोकायची, हेही मीच सुचवलं. हे मला मधूनमधून विचारायचे, "तुला खरंच यायचंय ना?" आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे. मला जायचं नव्हतं. कधीच नव्हतं. मग तसं बोलले का नाही? तेवढंच तर बोलायचं होतं.

बसचं इंजिन पार थकलेलं होतं. काळा धूर ओकायचं, चढावर रिकामी बसही त्याला ओढवत नव्हती. तेव्हा केदाभाऊ आले. केदाभाऊ म्हणजे ह्यांचे नामपूरचे बालमित्र, शाळेत एका बाकावर बसलेले. गावात त्यांचं ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. कुठल्याशा उलटलेल्या ट्रकचं जवळजवळ नवं इंजिन त्यांनी शोधून आणलं, गॅरेज मुलावर सोपवलं आणि आमच्याकडे मुक्कामाला आले.

ते दिवस — काय सांगू — ह्यांचे सगळ्यात आनंदाचे दिवस होते. चेन-कप्पी लावून जुनं इंजिन उचललं, तेव्हा दोघं पोरांसारखे ओरडले. नवं इंजिन जागेवर बसेना, मग ते टेकवायला चासीला नवे पाय वेल्डिंग करून घेतले. रेडिएटर मोठा लागला. त्या इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर होता, त्याच्या वायरी माझ्या जुन्या चादरीवर पसरून दोघं माना खाली घालून बसायचे. एकमेकांशी अहिराणीत बोलायचे. संध्याकाळी हात काळे, कपडे काळे, आणि भाकरी खाताना हसणं थांबायचं नाही. माझ्या नवऱ्याला असं हसता येतं, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात माहीतच नव्हतं.

शेवटी राहिली डिझेलची टाकी. जुन्या टाकीत गाळ साठला होता. केदाभाऊ चहा पिताना मला म्हणाले, "जुनं इंजिन काहीही पचवायचं, वहिनी. याला मात्र पाण्याचा थेंब चालत नाही." त्यांनी टाकी काढली, आतून खळखळून धुतली आणि आमच्या गच्चीवर कडक उन्हात पालथी घातली. शेजारीच माझ्या कुरडया वाळत होत्या. कुरडया उलटायला जाताना मला त्या टाकीला वळसा घालावा लागायचा. एकदा पत्र्याला कोपर लागलं तर चटका बसला, इतकी ती तापलेली होती. केदाभाऊ वर येऊन तिच्या तोंडात हात घालून बघायचे, पुन्हा पालथी करायचे. हे सगळं मी पाहिलेलं आहे. हे तेव्हा खाली बसमध्ये गुंतलेले असायचे, म्हणून मी एकटीनेच.

टाकी बसवली, डिझेल भरलं आणि निघायचं ठरलं. घर भाड्याने द्यायचं होतं. एक बाई घर बघायला आली. चांगली होती हो बिचारी. तिने माझ्या स्वयंपाकघरातला खण ओढून पाहिला, बंद केला, दुसरा ओढला. तिचा फ्रिज कुठे बसेल ते हाताने मापलं. मी हसून तिला सरबत दिलं. ती गेली. हे आणि केदाभाऊ जेवून पंख्याखाली आडवे झाले होते. टाकीच्या झाकणाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची.

मी स्टीलचा जग भरला, प्लॉटवर गेले, झाकण उघडलं आणि पाणी टाकीत ओतलं. भर दुपारी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. इंजिन सुरू होणार नाही, जाणं पुढे ढकललं जाईल, मग बघू — एवढंच डोक्यात होतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण मी घरात परत आले आणि जग पुन्हा भरला. पुन्हा गेले. पुन्हा ओतला. पहिल्या वेळी माझं भान नव्हतं असं धरून चालू. दुसऱ्या वेळी?

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीच्या फेरीसाठी नारळ फोडला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी चक्रावले. वाटलं, काहीच झालं नाही, पाणी कुठेतरी मुरलं असेल. हे गाडी चालवायला, केदाभाऊ त्यांच्या शेजारी, मी मागे पलंगावर. मुंबईच्या हायवेला लागलो. विल्होळीच्या अलीकडे गाडीने आचके दिले, खडखड आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की त्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं घट्ट होतं, हे मला कुठे माहीत होतं? हे दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने ते ओढत होते. मागून कंटेनरचा हॉर्न. मागच्या काचेत त्याचं तोंड एवढं मोठं झालं की बाकी काही दिसेना. तो घासून गेला. आमचा बाजूचा आरसा घेऊन गेला.

बस कडेला थांबली.  मी पलंगाची कड धरून बसले होते आणि मला हात सोडता येत नव्हते. आम्ही तिघं मेलो असतो. कुरडया वाळवणारी, पडदे शिवणारी बाई — मी — तिघांना मारणार होते.

केदाभाऊंनी खाली उतरून डिझेलच्या फिल्टरचा तळ उघडला. ओंजळीत आलं ते बोटांवर चोळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पाणी होतं.

ह्यांनी विचारलं, "टाकी ओली व्हती का रे?"

"नही रे भो. चांगली उन्हमा व्हती."

"मंग पाणी कोठून उनं?"

 केदाभाऊ माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मला बघून आलेला धीर होता — तो मी विसरू शकत नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी सांगा. गच्चीवर वाळत होती ना टाकी? तुम्ही रोज वर यायच्या."

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, भाऊ."

बस. एवढंच बोलले. पाणी ओतलं त्यापेक्षा हे वाक्य मोठं आहे, असं मला वाटतं. पाणी ओतताना मी इंजिनाचा विचार करत होते. हे बोलताना मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

हे केदाभाऊंना खूप बोलले. हायवेच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. केदाभाऊंनी हत्यारांची पिशवी उचलली आणि तिथूनच गेले. पाण्याने डिझेलचा पंप गेला होता, इंजेक्टर गेले होते. नवीन बसवता आले असते, पण ह्यांचं मन उडालं. बस भंगारात गेली. घर बघून गेलेल्या बाईला आता घर द्यायचं नाही असं कळवलं. माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं. त्यात मी आजही रोज स्वयंपाक करते.

त्यानंतर काही वर्षं केदाभाऊंचं नाव घरात निघालं नाही. मुलीच्या लग्नालाही ते नव्हते. नामपूरहून कुणी आलं की कळायचं — गॅरेज आता मुलगाच बघतो, केदाभाऊ इंजिनाला हात लावत नाहीत. मी ऐकायचे आणि चहा ठेवायला उठायचे.

गेल्या थंडीत ते अचानक दारात उभे राहिले. वाळले होते. ह्यांच्यासमोर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "लय विचार केला. टाकी वाळत असती तर वहिनींना दिसलीच असती. त्या कशाला खोटं बोलतील? म्हणजे मीच घाईत ओली बसवली. माझंच चुकलं, भो."

मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या.  तो माणूस खरंच तसं मानत होता. स्वतःच्या हातांनी चाचपून पाहिलेली कोरडी टाकी त्याने माझ्या एका वाक्यासाठी ओली करून टाकली होती.

ह्यांनी उठून त्यांना मिठी मारली. दोघंही रडले. मग केदाभाऊ माझ्याकडे वळले, हात जोडले. म्हणाले, "वहिनी, तुमचा जीव धोक्यात घातला मी. मला माफ करा."

तेव्हा तरी बोलायचं. दोघंही समोर होते. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या भाऊ. माणसाच्या हातून होतं."

मी त्यांना माफ केलं.